थंडीत धावू लागणाऱ्याची पहिली खरेदी

दिवाळीत वहीपूजन होऊन नवे खाते सुरू झाले की अनेक व्यापारी बंधू आपल्या प्रकृतीविषयीही एखादा संकल्प सोडतात. दिवसाचे दहा-बारा तास पेढीवर बैठक, जेवणाच्या वेळा अनियमित, आणि त्यात डॉक्टरांनी रक्तातील साखरेविषयी दिलेली समज. यांतून पहाटे उठून धावावयास जाण्याचा निश्चय होतो. हा काळ नेमका थंडीचा असतो. त्यामुळे संकल्पाचा आरंभ मैदानाऐवजी बाजारात होतो. जाड जॅकेट, अस्तराची विजार, हातमोजे, परदेशी छापाचे बूट असा आठ-दहा हजारांचा माल घरी येतो आणि संक्रांतीच्या सुमारास तो कपाटात जाऊन बसतो. आपल्या भाषेत त्यास अडकलेले भांडवल म्हणतात. नव्याने धावू इच्छिणाऱ्यास खरोखर किती व कशावर खर्च करणे आवश्यक आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम आपल्या भागातील थंडीचे स्वरूप लक्षात घ्यावयास हवे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे; निपाणी त्याहून काहीशी सखल. डिसेंबर-जानेवारीत बेळगावात पहाटेचे तापमान साधारणपणे १४ अंशांच्या आसपास असते, एखाद्या कडाक्याच्या पहाटे ते १० अंशांपर्यंतही उतरते. परंतु दुपारी तोच पारा २८-२९ अंशांवर गेलेला असतो. सूर्य वर आला की तासा-दोन तासांत हवा पालटते. दुकानात टांगलेली जाड जॅकेटे सिमला-दिल्लीकडील थंडी डोळ्यांपुढे ठेवून शिवलेली असतात. आपल्याकडील थंडीला अशा कपड्यांची गरज नाही. अंगावरून सहज उतरविता येतील व कमरेला बांधता येतील असे पातळ कपडे हीच येथली खरी गरज होय.

धावणाऱ्यांत एक उपयुक्त आडाखा प्रचलित आहे. बाहेर जितके अंश तापमान असेल त्यात आठ-दहा अंश मिळवावेत आणि तितक्या उबेत चालावयास निघालो असतो तर जे कपडे घातले असते, तेच धावण्यासाठी घालावेत. पहाटे १४ अंश असतील तर २२ ते २४ अंशांचा पोशाख पुरे, म्हणजे एक अर्ध्या बाह्यांचा सदरा व फार तर वरून एक पातळ पूर्ण बाह्यांचा. घराबाहेर पडल्यावर पहिली दहा मिनिटे किंचित हुडहुडी भरली तर पोशाख बरोबर आहे असे समजावे. उंबरठ्यावरच ऊब वाटत असेल, तर अर्ध्या वाटेवर घामाने जीव नकोसा होणार.

साहित्याचे महत्त्व किती मानावे, या प्रश्नाला आपल्याच गावच्या इतिहासात एक बोलके उदाहरण आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी खेड्यांतील मुले पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि त्यांच्या पुढाकाराने १९२० साली बेल्जियममधील अँटवर्प येथील ऑलिंपिकसाठी भारतीय खेळाडूंचे पथक गेले. त्या पथकात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. ४२.७५ किलोमीटरांची ती मॅरेथॉन त्यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून १९ वा क्रमांक मिळविला. आजच्यासारखे बूट व कपडे त्या काळी जगात कोणापाशीच नव्हते. मात्र यावरून आपणही अनवाणी निघावे असा अर्थ कोणी काढू नये. लहानपणापासून मातीत तयार झालेले पाय वेगळे आणि वीस वर्षे गादीवर मांडी घालून बसलेल्याचे पाय वेगळे. शिवाय आज पायांखाली माती नसून डांबर व काँक्रीट आहे. म्हणून बूट हा एकच खर्च असा आहे की त्यात हात आखडू नये. बाकी सर्व ठिकाणी आखडावा.

बुटांची पारख करण्यास विशेष ज्ञान लागत नाही. माल पाहण्याची सवय आपल्याला आहेच. खरेदीस सायंकाळी जावे, कारण दिवसभराच्या वावराने पाय थोडे फुगलेले असतात व धावताना ते तसेच फुगतात. जे मोजे घालून धावावयाचे तेच घालून बूट पाहावेत. उभे राहिल्यावर पायाचा आंगठा व बुटाचे टोक यांत हाताच्या आंगठ्याइतकी जागा उरावी, टाच मात्र आत सरकू नये. बूट हातात घेऊन वाकविला असता तो चवड्याच्या जागी वाकावा; जो मधोमध कागदासारखा दुमडतो तो ठेवून द्यावा. दुकानातल्या दुकानात दहा पावले धावून दाखविण्यास संकोच बाळगू नये. आपण गिऱ्हाइकाला साडी उलगडून दाखवितोच ना?

खोक्यावरील उत्पादनाचा महिना व वर्ष अवश्य वाचावे. सवलतीच्या मालात जुना साठा पुष्कळ असतो. बुटाच्या तळाचा मऊ थर व त्याचा सरस वर्षानुवर्षे पडून राहिल्याने कमजोर होतात, आणि असा बूट पहिल्याच महिन्यात तळ सोडतो. नामांकित छापाची नक्कल, जिला बाजारात ‘फर्स्ट कॉपी’ असे गोंडस नाव आहे, तिच्यापेक्षा साध्या कंपनीचा अस्सल बूट शतपटीने बरा. नकलेत छाप तेवढा हुबेहूब असतो, तळाचा थर नसतो.

चामडे वर्ज्य मानणाऱ्या आपल्या कुटुंबांसाठी एक सूचना. धावण्याचे बहुतेक बूट कृत्रिम जाळीदार कापडाचे असतात, परंतु काहींवर चामड्याच्या पट्ट्या असतात. पुष्कळ बुटांच्या जिभेवर वा खोक्यावर लहान चिन्हे छापलेली असतात: पसरलेल्या कातड्याच्या आकाराचे चिन्ह चामड्याचे, विणीचे चिन्ह कापडाचे आणि समभुज चौकोन इतर पदार्थांचा. वरचा भाग, अस्तर व तळ या तिन्हींची चिन्हे स्वतंत्र असतात, तिन्ही पाहावीत.

किमतीविषयी बोलावयाचे तर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या जीएसटीच्या दरांनुसार २,५०० रुपयांपर्यंतच्या बुटांच्या जोडीवर ५ टक्के व त्यावरील जोडीवर १८ टक्के कर आहे. तयार कपड्यांच्या नगालाही हीच मर्यादा आहे. करापूर्वी २,५०० ची जोडी गिऱ्हाइकास २,६२५ ला पडते आणि २,६०० ची ३,०६८ ला. शंभर रुपयांच्या फरकासाठी ४४३ रुपये मोजण्याचे नवशिक्यास कारण नाही. माझ्या मते पहिल्या जोडीस दोन हजार रुपये पुरेत. साधारण ६०० किलोमीटर ती टिकली, तर किलोमीटरमागे साडेतीन रुपयांहूनही कमी खर्च येतो. आठवड्यास दहा किलोमीटर धावणाऱ्यास ती वर्षभर सहज पुरते.

आता कपडे. आपल्यापैकी जे कापडाच्या व्यापारात आहेत त्यांना सुताचा गुण सांगावयास नको. पण धावण्याच्या बाबतीत तोच गुण दोष ठरतो. सर्वसाधारण हवेत कापूस आपल्या वजनाच्या शेकडा सुमारे ८ इतका ओलावा धरतो, लोकर सुमारे १६, आणि पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. सुती बनियन घाम पिऊन अंगाला चिकटते, आणि पाणी हवेच्या सुमारे चोवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. धावत असेतो हे जाणवत नाही. थांबून मित्रांशी दोन शब्द बोलू लागलो की पाठीत थंडी भरते. पॉलिएस्टरच्या विणीत घाम पृष्ठभागावर पसरून उडून जातो. उन्हाळ्यात ज्या कापडाला आपण नाके मुरडतो, ते येथे कामास येते. तिरुपूरचा वा अन्य कोठलाही साधा पॉलिएस्टर टी-शर्ट तीन-चारशे रुपयांत मिळतो. १२० ते १५० जीएसएमचे पातळ कापड निवडावे. जाड तो चांगला हा लुधियानाच्या स्वेटरचा नियम येथे लावू नये. लोकर भिजली तरी ऊब देते हे खरे, आणि अतिशय बारीक लोकरीचे धावण्याचे कपडेही निघाले आहेत, पण त्यांची किंमत नवशिक्याच्या हिशेबात बसत नाही. घरचा विणलेला स्वेटर मैदानापर्यंत चालत जाण्यास व परतताना अंगावर घेण्यास उत्तम. धावताना तो कमरेला असावा.

वाऱ्यासाठी पातळ विंडचीटर पुरतो, तोही असल्यास. येथे एका समजाचा उल्लेख करणे भाग आहे. प्लॅस्टिकचे जॅकेट घालून भरपूर घाम काढल्यास पोट उतरते, असे मानणारे गृहस्थ व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली आजही भेटतात. काट्यावर दिसणारी ती घट पाण्याची असते व दोन तांबे पाणी पोटात गेले की भरून निघते. चरबी त्याने जळत नाही. अंगातील उष्णता बाहेर पडण्याची वाट मात्र बंद होते. मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्याने हा प्रयोग मुळीच करू नये, आणि धावण्यास आरंभ करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

भगिनींनी बुटांनंतरचा दुसरा खर्च आधार देणाऱ्या स्पोर्ट्स ब्रावर करावा. त्यात संकोच वा काटकसर दोन्ही नकोत. ओढणी घ्यावयाचीच तर ती घट्ट खोचलेली असावी. मुलांसाठी ‘पुढल्या वर्षीही होतील’ म्हणून एक माप मोठे बूट घेण्याची आपली जुनी रीत शाळेच्या बुटांपुरतीच ठेवावी. मोजे पातळ, नायलॉनमिश्रित घ्यावेत. सुती मोजे भिजले की फोड येतात. हातांना थंडी वाजत असल्यास जुने मोजे हातांत चढवावेत, पाच मिनिटांनी काढून खिशात टाकता येतात. कानांसाठी मफलर नको, त्याची टोके सुटतात. कानटोपीची तरुण मंडळी थट्टा करतात खरी, पण तिच्याहून स्वस्त व सोयीचे साधन अद्याप निघालेले नाही.

एकंदर बूट दोन हजार, दोन टी-शर्ट सात-आठशे, मोजे दोनशे. ट्रॅक पँट व कानटोपी घरातील. तीन हजारांत काम होते. विंडचीटर, मनगटावरील घड्याळ इत्यादी सलग सहा आठवडे धावल्यानंतर घ्यावीत.

या तीन हजारांत एक वस्तू मात्र न विसरता बसवावी. जानेवारीत आपल्याकडे सूर्योदय सातच्या सुमारास होतो, म्हणजे सहाला निघणारा अंधारात धावतो. आणि हेच दिवस गळीत हंगामाचे. निपाणी, चिकोडी, संकेश्वर या बाजूच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर रात्रभर चालू असतात. पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, आणि ट्रॅक्टरवाल्यास गडद स्वेटरमधील माणूस अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. वाहतूक पोलीस घालतात तसले चमकणाऱ्या पट्ट्यांचे जॅकेट, ज्यास आपल्याकडे रेडियमचे जॅकेट म्हणतात, ते दीड-दोनशे रुपयांत मिळते. ते नेहमी वरून घालावे, समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने रस्त्याच्या उजव्या कडेने धावावे आणि कानांत गाणी लावू नयेत. शक्य तो महामार्ग व स्तवनिधीचा घाट टाळावा. निपाणीकरांनी शहरालगत अर्जुननगरकडे वळावे. तेथे जाताना राज्याची सीमा ओलांडली जाते, पण त्यासाठी अद्याप कोणी कर आकारीत नाही.