क्युपिड आणि आपला मदन : कॉपी नेमकी कुणी कुणाची केली?

जानेवारी संपत आला की मावळातल्या पॉलीहाऊसमधून गुलाबांचे खोके बाहेर पडतात. बोरघाट उतरायचा, खालापूरचा टोलनाका ओलांडायचा आणि थेट मुंबईचं विमानतळ गाठायचं. तिथून फुलं युरोपला जातात, व्हॅलेंटाईन डेच्या बाजारात. म्हणजे क्युपिडच्या माहेरी लागणारा गुलाब पुरवतो कोण, तर आपला मावळ.

त्याच दिवसांत कर्जतच्या फार्महाऊसवर प्री-वेडिंग शूट जोरात असतात. लाल हार्ट, त्यातून आरपार गेलेला बाण, पुढे नवरा-नवरी. फोटो पडला की खाली कमेंट येतेच, 'ही आपली संस्कृती नाही.' दुसरा लिहितो, 'क्युपिड ही आपल्या कामदेवाची चोरी.' तिसरा सांगतो की कामदेवच ग्रीकांकडून आला.

आता खरं काय ते बघू.

क्युपिड रोमन. लॅटिनमध्ये 'कुपिदो' म्हणजे तीव्र इच्छा. आई व्हीनस. ग्रीकांकडे हाच इरॉस. कार्डावरचं गुबगुबीत बाळ मात्र त्याचं पहिलं रूप नाहीच. इसवी सनापूर्वी ७०० च्या आसपास हेसिअड या ग्रीक कवीने इरॉसला सृष्टीच्या आरंभीची शक्ती म्हटलं. पुढे तो पंखवाला देखणा तरुण झाला आणि मग वय कमी होत होत बाळ. रोमन कवी ओव्हिडने त्याला दोन बाण दिले. सोन्याचा लागला की प्रेम, शिशाचा लागला की तिटकारा. (ब्लॉक करायची सोय तेव्हाही होती.)

मदनही कमी जुना नाही. ऋग्वेदाच्या नासदीय सूक्तात 'काम' हे मनाचं पहिलं बीज आहे. अथर्ववेदाच्या तिसऱ्या कांडात तर काळजात घुसणारा कामाचा बाणच आहे, आणि तो इसवी सनापूर्वी ३२६ मध्ये अलेक्झांडर इथे पोहोचण्याच्या कितीतरी आधीचा. त्यामुळे 'ग्रीकांकडून आला' हा दावा टिकत नाही. पण ग्रीकांनी बाण इथून उचलला, याचाही पुरावा नाही. मला विचाराल तर, ध्यानीमनी नसताना काळजात काहीतरी घुसतं हे कळायला दोघांपैकी कुणालाच कॉपी करायची गरज नव्हती.

फरक हत्यारात आहे. मदनाचं धनुष्य उसाचं, दोरी भुंग्यांची आणि बाण पाच फुलांचे : अरविंद, अशोक, आंब्याचा मोहोर, नवमल्लिका, नीलोत्पल. या यादीत गुलाब नाही! गुलाबाच्या गाड्या हायवेवरून निघून जातात, तेव्हा मदनाचा खरा बाण कर्जत-खालापूरच्या आंब्यांवर मोहोर होऊन लगडलेला असतो. त्याचा सेल्फी मात्र कुणी काढत नाही.

भाजतात मात्र दोघंही. अपुलियसने दुसऱ्या शतकात सांगितलेल्या गोष्टीत क्युपिड स्वतःच सायकीच्या प्रेमात पडतो. फक्त रात्री, अंधारात भेटतो. आपला नवरा दिसतो तरी कसा म्हणून ती दिवा धरते आणि गरम तेलाचा थेंब त्याच्या खांद्यावर पडतो. मदनाची शिक्षा फार मोठी. शंकराची तपश्चर्या मोडायला गेला आणि तिसऱ्या डोळ्याच्या आगीत जळून राख झाला. म्हणून त्याचं नाव अनंग, ज्याला शरीर नाही असा. होळीलाही हीच कामदहनाची कथा जोडलेली आहे.

आता संस्कृतीचा मुद्दा. मुंबईत शिवसैनिकांनी व्हॅलेंटाईनची कार्डं जाळली, ते अनेकांना आठवत असेल. कारण हेच, की हे पाश्चात्त्य फॅड. दिवस पाश्चात्त्य आहे, मान्य. पण प्रेमाचा जाहीर उत्सव आपल्याकडे नव्हता, हे साफ चूक. सातव्या शतकातल्या राजा हर्षाच्या 'रत्नावली' नाटकाची सुरुवातच वसंतातल्या मदनोत्सवाने होते. अख्खं शहर रस्त्यावर येऊन रंग उधळतं.

तेही लांबचं वाटत असेल तर कर्जतहून कोंदिवड्याला जा. तिथून वर, राजमाचीच्या पोटात कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. ज्या भिक्खूंनी संसार सोडला त्यांच्यासाठी खोदलेली. त्यांच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर नाचणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरल्या आहेत. शेजारी ब्राह्मीत सहीसुद्धा आहे : कण्हाचा शिष्य बलक.