चॅनेलची पाटी – ७ : पान कोणाच्या नजरेने बघतं?

या आठवड्यात कॅशवर लिहिणार होतो. ते पुढे ढकलतो आहे, कारण चाकणच्या एका वाचकाचा मेल आला आहे आणि त्याचं उत्तर आधी द्यायला हवं.

गेल्या भागात सांगितलं तसं त्यांनी कंपनीच्या शेअरपॉइंटच्या पानावर टीम्सच्या चॅनेल्सची यादी आणली. नाव, वर्णन, उघडायची लिंक, सगळं नीट जमलं. मग त्यांच्या लॉगिनने २६ चॅनेल्स दिसली आणि प्लांट हेड साहेबांच्या लॉगिनने ११. ‘साहेबांना माझ्यापेक्षा कमी दिसतात, यात बग कुठे आहे?’ असा प्रश्न. पुढे ते लिहितात की आयटीतल्या सहकाऱ्याने तोडगा काढला. वापरणाऱ्याच्या नावाने परवानगी घेण्याऐवजी ॲप्लिकेशनच्या नावाने घेतली, मधे एक छोटा सर्व्हर बसवला, आणि आता सगळ्यांसाठी सगळी १४३ येतात. ‘हे चालेल ना?’

नाही चालणार. आधी ते बंद करा, मग पुढचं वाचा.

बग नव्हताच. तुमचं पान मायक्रोसॉफ्ट ग्राफला विचारतं, ‘हा माणूस कोणकोणत्या टीम्समध्ये आहे?’ आणि त्या टीम्समधली चॅनेल्स आणतं. साहेब कमी टीम्समध्ये आहेत, म्हणून त्यांची यादी आखूड. वरच्या माणसाला जास्त दिसायला हवं हा हिशेब ऑफिसातल्या केबिनचा आहे, ग्राफला हुद्दा कळत नाही. यादीच्या खाली बारीक अक्षरात ‘आपण ज्या टीम्समध्ये आहात त्यांचीच चॅनेल्स इथे दिसतात’ एवढी एक ओळ टाकली असती तर हा सगळा खटाटोप वाचला असता. साहेबांना वाईट वाटलं तर त्यांना आणखी दोन टीम्समध्ये घालावं, त्यांनाच नंतर नोटिफिकेशनचा वैताग येईल.

आता परवानगीच्या दोन तऱ्हा. पहिलीत पान माणसाच्या वतीने विचारतं. ॲपला जे करायची मुभा आहे आणि त्या माणसाला स्वतःला जे बघायचा हक्क आहे, या दोन्हींत जे बसेल तेवढंच मिळतं. दुसरीत माणूसच नसतो, ॲप स्वतःच्या नावाने विचारतं. सोसायटीच्या वॉचमनकडे सगळ्या फ्लॅटच्या किल्ल्या असाव्यात तसा हा प्रकार. मायक्रोसॉफ्टला याची जाणीव आहे, म्हणून या दुसऱ्या तऱ्हेला ॲडमिनची संमती लागतेच लागते. पण ही संमती म्हणजे शेवटी एका खिडकीतलं एक बटण. शुक्रवारी संध्याकाळी, घरी जायच्या घाईत, ते कोणीही दाबतं.

‘पण आम्ही मेसेज कुठे दाखवतो? नुसती नावं तर आहेत,’ हा यावरचा ठरलेला बचाव. मी या विषयात पडल्यापासून हे वाक्य ऐकतो आहे, आणि ते ऐकलं की मला एका कंपनीची गोष्ट सांगावीशी वाटते. नाव घेत नाही. तिच्या इंट्रानेटवर ‘नवीन चॅनेल्स’ असा एक चौकोन होता. चॅनेल कधी तयार झालं ती तारीख ग्राफ देतोच, त्यामुळे सर्वांत ताजं वर, असा साधा हिशेब. ॲप्लिकेशनच्या परवानगीवर चालणारा. एका सकाळी त्या चौकोनात सगळ्यांत वर आलं : ‘नागपूर ऑफिस – जागा परत देणे’. शेजारी कुलपाचं चित्र आणि सदस्यसंख्या चार. एकही मेसेज फुटला नव्हता, एकही फाइल उघडली नव्हती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत नागपूरचे लोक पुण्याला फोन करून आपल्या नोकरीचं काय म्हणून विचारत होते. नाव, कुलूप आणि आकडा, एवढ्यावर कोणीही गोष्ट पुरी करू शकतं. कुलपाचं चित्र नसतं तर कदाचित कोणाचं लक्षही गेलं नसतं, पण चौकोन करणाऱ्याने ते हौसेने घातलं होतं.

गंमत म्हणजे हा पेच टीम्सच्या किंवा स्लॅकच्या फार आधी सुटलेला आहे. आयआरसीत. नियमित वाचकांना माहीत आहे की आयआरसी हा माझा वीक पॉइंट आहे, तेव्हा दोन परिच्छेद सहन करा.

फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन याने १९८८च्या ऑगस्टमध्ये आयआरसी हे गप्पांचं साधन लिहिलं. चॅनेलच्या नावाआधीचं हॅश चिन्ह, नावाखाली चालू विषयाची एक ओळ, हे सगळं तिथलं. स्लॅकने ते तसंच उचललं, आणि आयआरसीच्या जुन्या प्रोग्रॅममधून स्लॅकमध्ये शिरायची एक मागची वाटही ठेवली होती, ती २०१८च्या मे महिन्यात बंद केली. (तेव्हा काही म्हाताऱ्या इंजिनिअरांनी जो आरडाओरडा केला त्यात माझाही सूर होता.) आयआरसीचे नियम १९९३च्या मे महिन्यात आरएफसी १४५९ या कागदात लिहून निघाले. त्यात चॅनेलला लावायच्या दोन वेगळ्या खुणा आहेत. एक ‘पी’, खासगी. दुसरी ‘एस’, गुप्त. आणि यादी मागितली तर काय करायचं तेही स्पष्ट दिलं आहे. खासगी चॅनेल यादीत येईल, पण नाव आणि विषय झाकून, नावाच्या जागी नुसतं ‘पीआरव्ही’. गुप्त चॅनेल यादीत येणारच नाही. दोन्हींना अपवाद एकच : विचारणारा स्वतः त्या चॅनेलमध्ये असेल तर त्याला खरं ते दिसेल.

म्हणजे ‘आत काय चाललंय ते कळू नये’ आणि ‘असं काही आहे हेच कळू नये’ या दोन वेगळ्या गरजा आहेत, आणि यादीचं उत्तर विचारणाऱ्यावर ठरतं, हे १९९३ सालीच लिहून ठेवलेलं आहे. चाकणच्या सर्व्हरला नेमकं हेच येत नाही. त्याला विचारणारा कोण हे ठाऊकच नाही.

आजची साधनं या बाबतीत कशी वागतात? स्लॅक बऱ्यापैकी कडक आहे. तुमचा बॉट ज्या खासगी चॅनेलमध्ये नाही त्याची माहिती आयडी देऊन मागितली, तरी ‘परवानगी नाही’ असं उत्तर येत नाही, ‘चॅनेल सापडलं नाही’ असं येतं. हा फरक मुद्दाम केलेला आहे, कारण ‘परवानगी नाही’ म्हणणं म्हणजे ‘आहे, पण तुला सांगणार नाही’ असं कबूल करणंच. पण एक फट तिथेही राहतेच. त्याच नावाचं नवं चॅनेल काढायला जा, ‘हे नाव आधीच घेतलेलं आहे’ असं उत्तर येतं. चिकित्सक माणसाला तेवढं पुरतं.

टीम्समध्ये खासगी चॅनेल्स २०१९च्या अखेरीला आली. तिथे मालकाची भानगड आहे. टीमचा मालक आपल्या टीममधल्या सगळ्या खासगी चॅनेल्सची नावं बघू शकतो, ती डिलीटही करू शकतो. पण स्वतः सदस्य नसेल तर आतलं बोलणं आणि फाइली त्याला दिसत नाहीत. हेही ‘पी’ आणि ‘एस’च्या मधलंच काहीतरी. दुसरं, ‘स्टँडर्ड’ या शब्दावर भुलू नका. बरेच जण ग्राफला चाळणी लावतात, मेंबरशिप टाइप स्टँडर्ड असेल तीच चॅनेल्स आण, आणि निर्धास्त होतात. स्टँडर्ड चॅनेल म्हणजे त्या टीममधल्या सगळ्यांना खुलं, कंपनीतल्या सगळ्यांना नव्हे. टीमच प्रायव्हेट असेल तर तिची स्टँडर्ड चॅनेल्सही बाहेरच्यांसाठी बंदच. पगारवाढीच्या टीममधलं ‘जनरल’ हेसुद्धा स्टँडर्डच असतं! तेव्हा चाळण्या दोन लावाव्या लागतात : आधी टीम पब्लिक आहे का, मग चॅनेल स्टँडर्ड आहे का.

चाकणच्या मेलला जोडलेला कोडचा तुकडा बघितला, त्यात आणखी एक गोष्ट सापडली. सहकाऱ्याला मधेच थोडी शंका आली असावी, कारण कुलूपवाली चॅनेल्स त्याने स्टाइलमध्ये डिस्प्ले नन करून लपवली आहेत. ब्राउझर उघडा, एफ १२ दाबा, नेटवर्कच्या टॅबमध्ये जा, पान रिफ्रेश करा. सर्व्हरकडून आलेलं उत्तर तिथे आख्खं पडलेलं असतं, १४३च्या १४३ नावांसह. पडद्यावरून काढलं म्हणजे पाठवलं नाही असं होत नाही. गाळायचं ते सर्व्हरवरच गाळायचं.

माझं म्हणाल तर, ही यादी शेअरपॉइंटच्या वेब पार्टमधूनच, माणसाच्या वतीने आणावी. तिथे तोच मार्ग असतो. फक्त एक ध्यानात ठेवा, तिथे ॲडमिनने मंजूर केलेली परवानगी सहसा तुमच्या एकट्या वेब पार्टला मिळत नाही, त्या टेनंटमधल्या बाकीच्या वेब पार्टनाही ती वापरता येते. म्हणून मागताना कमीत कमी मागावं. नावं आणि वर्णनं वाचायची तर ‘चॅनेल रीड बेसिक’ पुरतं, मेसेज वाचायची परवानगी ‘असू दे, पुढे लागेल’ म्हणून मागून ठेवू नये.

‘मग खासगी चॅनेल आहे हे ज्यांना कळायला हवं त्यांना कसं कळणार?’ हा रास्त प्रश्न. त्यासाठी हाताने लिहिलेली दुसरी यादी ठेवावी, आणि ज्या चॅनेलच्या मालकाने स्वतः होकार दिला तेच त्यात घालावं. शेजारी ‘सामील व्हायचं असेल तर यांना विचारा’ म्हणून मालकाचं नाव. शेअरपॉइंटची साधी लिस्ट पुरते. प्रोग्रॅमरांना हे हाताचं काम रुचत नाही, ते म्हणतात महिन्यात शिळं होईल. होऊ दे. शिळ्या यादीने फार तर एखाद्याचा हेलपाटा होतो.

आता कॅशकडे येताना वाटेतच एक खड्डा लागतो, तो आजच दाखवून ठेवतो. समजा पान माणसाच्या नजरेने बघतं, सगळं रीतसर आहे, पण रोज ग्राफला विचारणं नको म्हणून तुम्ही आलेली यादी चार तास साठवून ठेवली. सकाळी नऊला पान पहिल्यांदा उघडलं ते एखाद्या संचालकाने. त्याची यादी साठली, आणि एक वाजेपर्यंत सगळी कंपनी संचालकाच्या नजरेने बघत बसली. परवानगीचा कागद चोख, तरी नागपूर पुन्हा पानावर. उपाय म्हणून प्रत्येक माणसाची यादी वेगळी साठवावी तर तीन हजार माणसं नऊच्या ठोक्याला एकदम लॉगिन करतात, आणि ग्राफ ४२९ची एरर देऊन सांगतो की जरा थांबा, इतक्या सेकंदांनी या. किती सेकंद ते तो उत्तराच्या हेडरमध्ये देतो, आणि बहुतेकांचा कोड ते वाचतच नाही. पुढच्या आठवड्यात या ४२९पासून सुरू करू.