सर्वो घ्यावा की स्टेपर? : छोट्या सीएनसीसाठी परवडणारी निवड

साहित्य मंडळाच्या अंकात मोटारींवर लेख कशाला, असं काहींना वाटेल. कारण साधं आहे. यंत्रांच्या माहितीपुस्तिका इंग्रजीत असतात आणि यंत्र बनवणारे हात बऱ्याचदा मराठीत, कानडीत विचार करतात. मधलं अंतर कुणीतरी भरून काढायला हवं, आणि ते भाषेचं काम आहे.

बीदर जिल्ह्यातल्या राजेश्वरला माझा मावसभाऊ सुतारकाम आणि फॅब्रिकेशन करतो. दारांवरची नक्षी, नावाच्या पाट्या, अ‍ॅल्युमिनियमचे छोटे भाग कापायला त्याला घरीच लहान सीएनसी यंत्र बनवायचंय. पैसे साठवलेले, म्हणजे मोजकेच. "सगळे सर्वोच घे म्हणायलेत. त्या इंग्रजीत नेमकं काय लिहिलंय ते तरी सांग," असं म्हणून त्याने पुस्तिकांचा ढीगच मला पाठवला. त्या वाचून आणि दोन-तीन जाणकारांना विचारून जे समजलं ते इथे मांडते.

सीएनसी म्हणजे संगणकाच्या आकड्यांवर चालणारं कापण्याचं यंत्र. त्यात प्रत्येक दिशेला एक मोटार असते. ती लांब स्क्रू फिरवते आणि स्क्रूमुळे कापणारं हत्यार पुढेमागे सरकतं. कंट्रोलर विजेचे छोटे ठोके पाठवतो; त्यांना पल्स म्हणतात. पल्स वाचून मोटारीला योग्य तेवढा प्रवाह देणारा डबा म्हणजे ड्राइव्ह.

आता स्टेपर आणि सर्वोतला फरक. स्टेपर म्हणजे साधं पोस्टकार्ड. कंट्रोलरने टाकलं, पोचलं असेल असं धरून चालायचं. सर्वो म्हणजे पोचपावतीचं रजिस्टर पत्र. मोटारीच्या मागे बसवलेला एन्कोडर "मी इथे पोचले" असं ड्राइव्हला सतत कळवतो, आणि फरक दिसला की ड्राइव्ह लगेच दुरुस्ती करतो. लॅटिनमध्ये ‘सर्वुस’ म्हणजे सेवक. सर्वो हा सेवक खरा, पण उलट उत्तर देणारा. त्या उत्तराचेच आपण जास्त पैसे मोजतो.

ते उत्तर कधी लागतं? नेहमीच्या स्टेपरच्या एका फेऱ्यात २०० पावलं असतात. भार जास्त झाला की तो पाऊल चुकतो, आणि साधारणपणे एकदम चार पूर्ण पावलांच्या पटीत चुकतो. एका फेऱ्यात ५ मिमी सरकणारा स्क्रू असेल, तर चार पावलं म्हणजे ०.१ मिमी. दाराच्या वेलबुट्टीत हे कुणाला दिसणार नाही. पण एकात एक बसणाऱ्या भागात दिसतं. त्यातही वाईट म्हणजे कंट्रोलरला चूक कळतच नाही, त्यामुळे पुढचं सगळं काम तेवढंच सरकलेलं येतं.

म्हणून बाजारात तीन पायऱ्या आहेत. पहिली, साधा स्टेपर आणि डीएम५४२सारखा ड्राइव्ह : सगळ्यात स्वस्त. दुसरी, क्लोज्ड लूप स्टेपर. मोटार स्टेपरचीच, पण मागे एन्कोडर असतो. फार मागे पडली तर ड्राइव्ह अलार्म देतो. विक्रेते यालाही ‘सर्वो’ म्हणतात, तेव्हा नीट विचारून घ्या. तिसरी, खरा एसी सर्वो, बहुधा ४०० किंवा ७५० वॉटचा. हे ड्राइव्ह घरच्या सिंगल फेजवर चालतात.

४०० वॉटचा सर्वो ३००० फेऱ्यांनाही साधारण १.२७ न्यूटन-मीटर जोर देतो. स्टेपरचा कागदावरचा जोर मात्र थांबलेल्या अवस्थेतला असतो; वेग वाढला की तो झपाट्याने उतरतो. मग सर्वोच घ्यावा ना? जरा थांबा. ५ मिमीच्या बॉलस्क्रूवर १.२७ न्यूटन-मीटर म्हणजे जवळजवळ १४५ किलो वजनाएवढा रेटा. लाकडी किंवा हलक्या अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्याला एवढा रेटा दिला तर आधी सांगाडाच वाकेल. मोटारीला दिलेले पैसे सांगाड्याने खाल्ले, असं व्हायला नको.

दुसरा अडसर कंट्रोलरचा. हौशी लोक आर्डुइनो उनोवर जीआरबीएल ही मोफत प्रणाली चालवतात. ती सेकंदाला साधारण ३०,००० पल्स देते. सर्वो ड्राइव्हला एका फेऱ्यासाठी १०,००० पल्स लागत असतील, तर मोटार मिनिटाला १८० फेऱ्यांच्या वर जाणारच नाही. ३००० फेऱ्यांची मोटार घेऊन १८० वर चालवायची! यावर उपाय ड्राइव्हमधला इलेक्ट्रॉनिक गिअर. फेऱ्याला २००० पल्स ठरवले तर ९०० फेरे मिळतात, म्हणजे मिनिटाला साडेचार मीटर, आणि एक पल्स ०.००२५ मिमीचा. आपल्याला पुरून उरतं. ही सोय आहे का, हे विकत घेण्याआधी पाहायचं.

वीज हा आपल्याकडचा मोठा प्रश्न. काम चालू असताना वीज गेली की साधा एन्कोडर जागा विसरतो, म्हणून होमिंगचे स्विच हवेतच. ड्राइव्हच्या अलार्मची तार कंट्रोलरला जोडलेली हवी, नाहीतर एक मोटार थांबते आणि बाकीच्या कापत राहतात. अर्थिंग चांगलं हवं. आणि बंद केलेल्या एसी ड्राइव्हमध्येही काही वेळ धोकादायक दाब साठलेला असतो. चार्जचा दिवा विझल्याशिवाय हात लावायचा नाही.

खरेदी करताना मोटार, ड्राइव्ह आणि दोन्ही केबल एकाच संचात घ्या. भाव जीएसटी आणि वाहतूक धरून विचारा. पुस्तिका आधी मागा. बिघाड झाला तर हैदराबाद किंवा पुण्यात कोण बघेल, हेही विचारा. जुना सर्वो स्वस्तात मिळतो, पण त्याची एन्कोडर केबल मिळाली नाही तर तो नुसता पेपरवेट.

भावाला मी हे सुचवलं : लाकूड आणि पाट्यांसाठी क्लोज्ड लूप स्टेपर पुरे. उरलेल्या पैशांत सांगाडा आणि स्क्रू चांगले घे. रोज अ‍ॅल्युमिनियमचं काम यायला लागलं आणि वेग खरंच कमी पडला, तर सर्वोचा विचार कर.

त्याचा पुढचा प्रश्न होता : बिदरी कोरता येईल का? जस्त आणि थोडं तांबं यांच्या त्या मिश्रधातूवर यंत्र खाच पाडू शकेल, यात शंका नाही. पण बिदरीला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते खाचेला नव्हे. हाताने छिन्नी चालवणं, चांदीची तार ठोकून बसवणं, बीदरच्या किल्ल्यातल्या मातीने काळा रंग आणणं, हे सगळं मिळून बिदरी होते. कारागिराला साचे, पकडी, लाकडी ठोकळे यंत्रावर करून द्यावेत. त्याचं पोट ज्या छिन्नीवर चालतं, ती त्याच्याच हातात राहू द्यावी, असं मला वाटतं. भावाचं उत्तर अजून आलेलं नाही. पण त्याने स्क्रूचे भाव विचारायला सुरुवात केलीय.