नदी, नौका व आरोग्य

सह्याद्रीच्या माथ्यावरील मुळशी धरणाचें पाणी डोंगर उतरून भिरा येथील वीजगृहांत येतें, व वीज निर्माण करून कुंडलिका नदींत सुटतें. हें वीजगृह १९२७ सालीं सुरू झालें. या पाण्यामुळेंच ऐन उन्हाळ्यांतहि कोलाडजवळ नदी खळाळत असते, आणि रबरी तराफ्यांत बसून वल्हीं मारण्याची मौज लुटावयास दूरदूरचे लोक तेथें येतात. वल्हवण्यानें बाहु बळकट होतात, छाती भरते व एकजुटीची संवय लागते. परंतु ज्या पाण्यावर आपण नौका हांकतों, तें कसें आहे हें जाणणें, हेंहि या खेळाचेंच एक अंग होय.

पाणी नितळ दिसलें म्हणजे तें शुद्धच असतें असें नाहीं. कोलाडच्या खालीं, रोह्याजवळ धाटाव येथें रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१८ सालीं देशांतील नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे जाहीर केले. त्यांपैकीं ५३ महाराष्ट्रांत असून कुंडलिकेचा रोह्याखालील भाग त्यांत आहे. वरच्या अंगासहि वस्तीचें सांडपाणी व गुरांची घाण पावसाबरोबर नदींत उतरतेच. म्हणून नदीचें पाणी पिऊं नये. उकळल्यानें जंतु मरतात, परंतु रसायनें तशींच राहतात.

न पितांहि रोग जडूं शकतो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. उंदीर व गुरें यांच्या मूत्रावाटे पाण्यांत येणारे लेप्टोस्पायरा नांवाचे जंतु हाताच्या फोडांतून, जखमेंतून किंवा डोळे, नाक व तोंड यांच्या नाजूक त्वचेंतून शरीरांत शिरतात. जर्मन वैद्य अडोल्फ वाइल यांनीं १८८६ सालीं या रोगाचें वर्णन केलें. २००५ सालच्या जुलै महिन्यांतील महापुरानंतर मुंबईंत याच रोगाची सांथ पसरली होती. इंग्लंडचे अँडी होम्स हे १९८४ व १९८८ सालच्या ऑलिंपिकमध्यें सुवर्णपदकें मिळविणारे नौकापटु; २०१० सालीं, वयाच्या ५१ व्या वर्षीं, याच आजारानें त्यांचा अंत झाला. यावरून, शरीर कितीहि कसलेलें असलें तरी सावधगिरीची गरज उरतेच, हें ध्यानांत यावें.

तर मग काय करावें? हातापायांच्या जखमा पाणी न शिरेल अशा पट्टीनें झांकाव्या. जखम मोठी असल्यास त्या दिवशीं नदीवर जाऊंच नये. पायांत जोडे असावे. ओल्या हातानें कांहीं खाऊं नये. प्रथम साबणानें हात धुवावे. पिण्याचें पाणी घरून न्यावें व बाटलीचें तोंड झांकलेलें ठेवावें. घरीं येतांच स्नान करून ओले कपडे धुवावे. मोठा पाऊस पडून गेल्यावर, अथवा पाण्यास विचित्र रंग, वास वा फेंस दिसल्यास, किंवा मेलेले मासे तरंगतांना आढळल्यास नौका किनाऱ्यालाच राहूं द्यावी. धरणाचें पाणी सोडतांच नदी एकाएकीं चढते, म्हणून जाणत्या मार्गदर्शकावांचून, आणि लाइफ जॅकेट व शिरस्त्राण घातल्यावांचून, प्रवाहांत उतरूं नये.

पालकांस एक विनंती. या रोगाचीं लक्षणें बहुधा पांच ते चौदा दिवसांनीं, क्वचित् महिन्याभरानेंहि, दिसूं लागतात. तोंपर्यंत नदीची सहल विस्मरणांत गेलेली असते. मुलास जोराचा ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत वेदना, डोळ्यांत लाली किंवा कावीळ दिसल्यास साधा ताप समजून घरगुती काढ्यांत वेळ दवडूं नये. तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें, आणि "मूल नदीवर गेलें होतें" हें आपण होऊन सांगावें. त्या एका वाक्यानें निदान सोपें होतें. वेळीं औषध मिळाल्यास रोगी बहुधा बरा होतो; उशीर झाल्यास मूत्रपिंड व यकृत यांवर घाला पडतो.

विद्यार्थीमित्रहो, शरीर ही परमेश्वरानें आपणांस दिलेली ठेव आहे, आणि नदी ही सर्वांची. पहिलीची काळजी घेतांना दुसरीस विसरूं नका. आपल्या हातून तिच्यांत केराची एक काडीहि पडूं न देणें, येथूनच तिच्या शुद्धीस आरंभ होतो.