वचन आणि वंशावळ : लेखांक ६
यखन्याचे नाव का राहिले?

मागच्या आठवड्यात आपण नाथान संदेष्ट्याच्या तोंडून दावीदाला मिळालेले वचन पाहिले (२ शमुवेल ७). तुझे घराणे आणि तुझे राजासन कायम राहील. वंशजाने पाप केले तर त्याला शासन होईल, पण माझी कृपा त्याच्यावरून ढळणार नाही, असा त्या वचनाचा आशय. मग पुढे राजासनच गेले, तेव्हा या वचनाचे काय झाले? याचे उत्तर मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात, नावांच्या यादीत आहे. ही यादी वाचताना आपले लक्ष बहुधा पुढच्या जन्मकथेकडे लागलेले असते. आज त्यातल्या एकाच नावापाशी थांबू : यखन्या.

यखन्या, कोन्या, यहोयाखीन ही एकाच राजाची नावे. तो अठराव्या वर्षी यहूदाच्या गादीवर आला आणि तीनच महिन्यांत त्याचे राज्य संपले. इ.स.पू. ५९७ मध्ये नबुखद्नेस्सराने यरुशलेम घेतले आणि राजाला, राजमातेला, सरदारांना व कारागिरांना बाबेलला नेले. यिर्मया संदेष्ट्याने त्याच्याविषयी फार कठोर शब्द उच्चारले आहेत (यिर्मया २२). हा देवाच्या उजव्या हातातली मुद्रेची अंगठी असता, तरी ती काढून टाकली गेली असती. हा माणूस निःसंतान आहे, अशी नोंद करा. याच्या वंशातला कोणीही दावीदाच्या आसनावर बसून राज्य करणार नाही. हे ऐकणाऱ्याला नाथानाचे वचन संपले असेच वाटले असेल.

पण यखन्याला मुले झाली. पहिल्या इतिहासाच्या तिसऱ्या अध्यायात त्यांची नावे आहेत, आणि त्याला बाबेलमधूनच दुजोरा मिळतो. रॉबर्ट कोल्डेवाय या जर्मन संशोधकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाबेलच्या राजवाड्याचे उत्खनन केले. तिथे मातीच्या पाट्यांवर कीलाक्षरांत लिहिलेल्या शिध्याच्या नोंदी सापडल्या. १९३९ मध्ये एर्न्स्ट वाइडनर यांनी त्यांतल्या काही प्रसिद्ध केल्या. यहूदाचा राजा आणि त्याचे पाच मुलगे यांना किती तेल दिले, याची नोंद त्यांत आहे. त्या पाट्यांपैकी एकीवर इ.स.पू. ५९२ या वर्षाची तारीख आहे. कोठारातल्या कारकुनाला दावीदाशी झालेला करार ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने फक्त तेलाचा हिशेब लिहिला, आणि त्या हिशेबात दावीदाचा वंश जिवंत असल्याची साक्ष राहून गेली.

यात यिर्मयाचे म्हणणे खोटे ठरत नाही. निःसंतान म्हणजे काय, हे त्याच वचनाच्या उत्तरार्धात आहे : गादीला वारस उरणार नाही. झालेही तसेच. बंदिवासाच्या ३७व्या वर्षी यखन्या तुरुंगातून सुटला, बाबेलच्या राजाच्या पंक्तीला जेवू लागला, पण यरुशलेमला परतल्याची नोंद नाही. त्याचा नातू जरुब्बाबेल परतला, तोही पारसच्या सम्राटाने नेमलेला अधिकारी म्हणून. मंदिर पुन्हा उभारण्याचे काम त्याने हाती घेतले. इ.स.पू. ५२० मध्ये हाग्गय संदेष्ट्याने त्याला देवाचा निरोप दिला : मी तुला मुद्रेच्या अंगठीसारखा करीन (हाग्गय २). आजोबांच्या वेळी काढून टाकलेली अंगठी नातवाच्या वेळी पुन्हा हातात आली. मुकुट मात्र आला नाही.

आता मत्तयाकडे वळू. त्याने वंशावळीचे चौदा-चौदा पिढ्यांचे तीन भाग पाडले आहेत : अब्राहाम ते दावीद, दावीद ते बाबेलचे देशांतर, देशांतर ते ख्रिस्त. ही मांडणी साधताना योराम आणि उज्जीया यांच्यामधले अहज्या, योवाश व अमस्या हे तीन राजे त्याने सरळ गाळले. पिढ्या गाळून वंशावळ सांगणे त्या काळी वावगे नव्हते. म्हणजे नको असलेले नाव वगळण्याची मोकळीक मत्तयाला होती. तरीही यखन्या त्याने ठेवला. दुसऱ्या भागाच्या शेवटी आणि तिसऱ्याच्या आरंभी, असा दोनदा ठेवला. घराण्याची सर्वांत मोठी नामुष्की त्याने यादीच्या सांध्यावर आणून बसवली.

त्यापुढची नावे पाहा. जरुब्बाबेलनंतर अबीहूद, एल्याकीम, अज्जूर, सादोक… यांच्यापैकी एकाचीही कथा जुन्या करारात नाही. ना युद्ध, ना राज्याभिषेक. सुमारे पाच शतके हा वंश गादीवाचून चालत राहिला आणि नासरेथच्या एका सुताराच्या घरापाशी येऊन पोहोचला. वचन पुरे झाले ते दावीदाच्या वैभवातून नाही. वैभव हिरावले गेल्यानंतरच्या या अनोळखी माणसांमधून ते पुढे आले.

मला यातून एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. देवाचे शासन आणि देवाचे वचन यांपैकी एक खरे मानून दुसरे सोडून देण्याची गरज नाही. यखन्याच्या बाबतीत दोन्ही खरी ठरली : गादी गेली, वंश राहिला. ज्यांना आपल्या घराण्याच्या, मंडळीच्या किंवा स्वतःच्या भूतकाळामुळे देवाने आपल्याला वगळले असे वाटते, त्यांनी ही यादी जरूर वाचावी.

या आठवड्यात यिर्मया २२, दुसऱ्या राजांच्या शेवटच्या अध्यायातल्या शेवटच्या चार ओव्या, हाग्गय २ आणि मत्तय १ हे उतारे याच क्रमाने, एका बैठकीत वाचा. पुढच्या लेखांकात याच यादीतल्या रूथ या मवाबी स्त्रीविषयी पाहू. त्याआधी रूथचे चार अध्याय वाचून ठेवावेत, ही विनंती.