परसातली विषकन्या

माझी थोरली बहीण भिवंडीजवळच्या वळ गावी राहते. ठाण्याहून भिवंडीकडे निघाले की गोदामांच्या रांगा सुरू होतात. त्यांतून वाट काढीत तिच्या घरी पोहोचावे लागते. घरामागे मात्र अजून हातभर परस शिल्लक आहे. गेल्या दिवाळीच्या आदल्या दिवशी मी गेलो, तेव्हा भाची तिथेच पिवळ्या कण्हेरीपाशी उभी होती. मला पाहताच म्हणाली, "मामा, तुम्ही मराठीचे प्राध्यापक. विषकन्या म्हणजे काय हो?"

प्रश्नामागचे कारण ताईने स्वयंपाकघरात सांगितले. जुळत आलेले लग्न अडले होते. मुलाला मुलगी पसंत, मुलीला मुलगा. पण पत्रिकेत 'विषकन्या योग' निघाला! ठराविक तिथी, वार आणि नक्षत्र एकत्र आले, की त्या वेळी जन्मलेल्या मुलीच्या कपाळी हा शिक्का बसतो. मुलाच्या जिवाला धोका आहे, असे त्याच्या घरच्यांचे म्हणणे.

चहाचा कप घेऊन मी परसात गेलो आणि भाचीला विषकन्येची कुळकथाच सांगितली. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात, म्हणजे विषांच्या प्रकरणात, तिचा उल्लेख आहे. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'त अमात्य राक्षसाने चंद्रगुप्तासाठी योजलेली विषकन्या चाणक्य पर्वतकाकडे वळवतो. पर्वतक हकनाक मरतो. हिंदुस्थानातून शिकंदराला अशी तरुणी भेट पाठविली, ही दंतकथा युरोपात शतकानुशतके चालली. तिचाच धागा धरून अमेरिकेतल्या नॅथॅनिएल हॉथॉर्नने १८४४ साली 'रॅपाचिनीची मुलगी' ही कथा लिहिली. पाडुआतला एक शास्त्रज्ञ विषारी फुलझाडांच्या बागेत आपल्या मुलीला वाढवतो. वरच्या खिडकीतून एक विद्यार्थी तिच्यावर लुब्ध होतो. पण विषाची खात्री पटताच तिचाच धिक्कार करतो. त्याने आणलेला उतारा पिऊन ती प्राण सोडते. जाता जाता सुचवून जाते, की विष तिच्यापेक्षा त्याच्याच स्वभावात अधिक होते.

भाची जरा वेळ गप्प राहिली. मग कण्हेरीकडे बोट करून म्हणाली, "पण ही तर खरीच विषारी ना?"

"खरीच. हिची बी पोटात गेली, तर हृदयाची लय बिघडून माणूस दगावतो. धोतऱ्याने भ्रम होतो. गुंज चावून गिळली, तर जीव जाऊ शकतो. कळलावीचा कंदही तसाच घातक. पण त्याच कळलावीतले कोल्चिसिन डॉक्टर सांधेदुखीच्या एका प्रकारावर मोजूनमापून देतात, गुंजांनी सोनार सोने तोलत आले, आणि धोतरा, कण्हेर, रुई तर गणपतीच्या २१ पत्रींत बसतात. विष खाऊन वाढलेली मुलगी नुसत्या स्पर्शाने कुणाला मारील, याला वैद्यकात आधार नाही. आणि तू तर विषही खाल्लेलं नाहीस. नुसती एका वारी जन्मलीस!"

मला वाटले, आता हसेल. ती हसली नाही.

"हे त्यालाही कळतं, मामा. पण तो घरी तोंड उघडत नाही."

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. वर्गात असतो, तर घंटा होण्याची वाट पाहिली असती.

नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावर तिने तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडले आणि त्याचा कडू गर जिभेला लावून तोंड वाकडे केले. उजाडताच मोबाइल घेऊन त्या मुलाला निरोप धाडला. ताईने धास्तावून विचारले, "काय गं लिहिलंस?"

"भाऊबीज झाली की आईबाबांना घेऊन फराळाला ये. पत्रिका आणू नकोस. आणि बोलायचं ते तू बोल."

ताई माझ्याकडे पाहू लागली. मी कपबशीकडे. उत्तर अजून यायचे होते. पण भाची तोवर चकल्यांचा डबा उघडून बसली होती.