राईस कुकरमध्ये ओट्स का उतू जातात?

राईस कुकरमध्ये ओट्स घातले, बटण दाबलं, की भातासारखं सगळं आपोआप होईल, असं बहुतेकांना वाटतं. मग झाकणाखालून फेस ओट्यावर येतो, तळाशी करपलेला थर बसतो आणि कुकर बिघडला म्हणून बोल लावला जातो. खरं तर कुकर त्याचं काम चोख करत असतो. साधा, एका बटणाचा कुकर वेळ मोजतो, हाच मुळातला गैरसमज आहे.

तो फक्त तळाचं तापमान ओळखतो. भांड्यात मोकळं पाणी आहे तोवर तळ 100 अंशांच्या आसपास राहतो. तांदळाने पाणी शोषलं की तळ आणखी तापतो, 103 अंशांच्या सुमारास खालच्या चुंबकाची पकड सुटते आणि बटण ‘वॉर्म’वर उडतं. 1955 साली जपानमध्ये तोशिबाने आणलेला पहिला स्वयंचलित कुकरही तापमानावरच चाले. त्यात बाहेरच्या भांड्यातलं पाणी आटलं की स्विच बंद होई.

ओट्स शिजताना मात्र त्यांतला स्टार्च आणि बीटा-ग्लुकन हा विरघळणारा तंतू पाण्यात उतरतो. पाणी दाट, बुळबुळीत होतं आणि खाली-वर फिरेनासं होतं. तळाचा थर जागच्या जागी तापत राहतो, त्यामुळे वर सगळं पातळ असतानाच बटण उडू शकतं. वाफेचे बुडबुडेही लवकर फुटत नाहीत, फेस चढतच जातो. म्हणून भांडं एक तृतीयांशाहून जास्त भरू नये. चमचाभर तूप घालावं, त्याने फेस बसतो. मधे एकदा तळापासून ढवळावं. स्टील कट, म्हणजे अख्ख्या दाण्याचे तुकडे केलेल्या ओट्सना चौपट पाणी लागतं आणि त्यांच्यासाठी कुकर खरोखर सोयीचा आहे. रोल्ड ओट्स कच्चे नसतात, कारखान्यात वाफवूनच चपटे केलेले असतात. पाच मिनिटांत होणाऱ्या या ओट्ससाठी गॅसवरचं पातेलंच बरं.

पाण्याऐवजी दूध घातलं की खीर छान होते, हेही खरं नाही. दूध तळाला लागतं आणि ओट्सच्याही आधी उतू जातं. ते शेवटी, गरम करून घालावं.

इन्स्टंट ओट्समध्ये पोषण उरत नाही, असंही म्हणतात. तंतू त्यांतही असतो. पण ते पातळ लाटलेले असल्याने लवकर पचतात आणि रक्तातली साखर भरभर चढते. मधुमेह असलेल्यांनी हा फरक जरूर लक्षात घ्यावा. वाटीभर ओट्सने कोलेस्टेरॉल उतरतं, या समजुतीलाही प्रमाणाची जोड हवी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1997 मध्ये ओट्सच्या पाकिटांवर हृदयासंबंधीचा दावा छापायला परवानगी दिली, ती रोज 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन धरून. त्यासाठी सुमारे 75 ग्रॅम कोरडे ओट्स लागतात, तेही आहारातली संपृक्त चरबी कमी ठेवून.

टायमर असलेल्या कुकरमध्ये रात्री ओट्स आणि दूध भरून ठेवण्याची युक्ती मात्र कुणीही करू नये. शिजायला सुरुवात होईपर्यंत ते दूध रात्रभर खोलीच्या तापमानातच राहतं, आणि आपल्याकडच्या उकाड्यात एवढ्या वेळात ते नासतं.